पाचव्या एडिशनवरून १९८१ च्या नियमांवर : बारा सेशनचा अनुभव

आमच्या टेबलावर पाच खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे भुयार आणि राक्षस चालवणारा सूत्रधार. दर आठवड्याला चार तास डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) हा फासे टाकून पात्रं चालवायचा खेळ, त्याची फिफ्थ म्हणजे पाचवी एडिशन. तिथून आम्ही १९८१ च्या बेसिक-एक्सपर्ट नियमांवर आलो आणि त्यावर सलग बारा सेशन खेळलो. जुनी पुस्तकं उघडून, पहिली काही पानं चाळून ती मिटून ठेवणारे बरेच भेटतात. नियम तुटक वाटतात, तक्ते उलटे वाटतात, पात्रं पटापट मरतात असं कानावर आलेलं असतं. म्हणून कुठे अडलं, का अडलं आणि काय केल्यावर सुटलं, ते झालं तसं लिहून ठेवत आहोत.

मुळात बदल कशाला? फिफ्थ एडिशनमध्ये आमची पात्रं सातव्या लेव्हलला (ताकदीच्या सातव्या पायरीवर) होती आणि एकेक लढाई दीड तास चालत होती. लढाया वाईट नव्हत्या. पण भुयारात शिरल्यासारखं काही वाटेनासं झालं होतं. अर्ध्या पात्रांना अंधारात दिसायचं, उरलेल्यांसाठी लाइट हा फुकटचा मंत्र होता. ओझं कोणी मोजत नव्हतं, नकाशा कोणी काढत नव्हतं. अडचण आली की नजर आधी कॅरेक्टर शीटकडे, म्हणजे पात्राच्या क्षमतांच्या कागदाकडे जायची, खोलीकडे नाही. आम्हाला अंधार हवा होता, वाट चुकणं हवं होतं आणि ‘आता परत फिरायचं का?’ हा प्रश्न हवा होता.

पहिला आठवडा निवडीतच गेला, कारण ‘जुनी एडिशन’ ही एक गोष्ट नाही. १९७४ चा मूळ संच म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन छोट्या पुस्तिका. त्यात मोकळ्या जागा इतक्या, की अर्धे नियम आपणच ठरवावे लागतात. १९७७ ते १९७९ या काळात अ‍ॅडव्हान्स्ड डीअँडडीची तीन मोठी पुस्तकं आली. मजकूर श्रीमंत आहे, पण पाहिजे तो नियम पाहिजे तेव्हा सापडत नाही आणि इनिशिएटिव्हचा (लढाईत आधी कोणाची पाळी याचा) भाग दोनदा वाचूनही दोघांचं एकमत होत नाही. १९८९ ची सेकंड एडिशन वाचायला सोपी आहे, पण खजिन्याबद्दल एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) देणं तिथे ऐच्छिक झालं आहे आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. उरला १९८१ चा संच : टॉम मोल्डवे यांचं बेसिक आणि डेव्हिड कुक यांनी स्टीव्ह मार्श यांच्यासह केलेलं एक्सपर्ट. प्रत्येकी चौसष्ट पानं. आमच्या जुन्या प्लेअर्स हँडबुकची पानं ३२०.

मूळ बेसिकची पीडीएफ अधिकृतपणे विकत मिळते. टेबलावर मात्र आम्ही ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स ठेवलं. त्याच नियमांची २०१९ सालची ही नव्याने लावलेली मांडणी आहे आणि तिची मूलभूत आवृत्ती मोफत आहे. वाचायला मोल्डवे घ्या, कारण त्यात खेळाचं एक लांब उदाहरण आहे आणि डीएमने कसं बोलायचं ते त्यातून कळतं. शोधायला इसेन्शियल्स घ्या, एक विषय एका जोडपानावर मिळतो. १९८१ आणि १९८३ च्या बेसिकची सरमिसळ मात्र करू नका. दोन्ही पुस्तकांचं नाव बेसिकच आहे, लेखक वेगळे आहेत, आणि मग कुठला तक्ता कुठला यावरून खेळ थांबतो.

दुसऱ्या आठवड्यात पात्रं केली. तीन डी६, म्हणजे सहा बाजूंचे फासे (डी४, डी८, डी२० हेही तसेच, चार, आठ, वीस बाजूंचे), सहा वेळा, ज्या क्रमाने पडतील त्या क्रमाने. पहिल्या खेळाडूला पडलं : शक्ती ९, बुद्धी ७, विवेक ११, चपळता १३, काटकपणा ६, प्रभाव १२. फिफ्थ एडिशनची सवय असलेल्या डोळ्यांना हे पात्र टाकाऊ वाटतं. इथे तो चांगला थीफ, म्हणजे चोर होतो : चपळता १३ म्हणजे एक्सपीवर ५ टक्के वाढीव. काटकपणा ६ मुळे हिट पॉइंट्सच्या (पात्र किती इजा सोसेल त्या आकड्याच्या) प्रत्येक फाशातून एक वजा, म्हणजे डी४ वजा एक. हातात आले दोन. मोल्डवे सांगतात की पहिल्या लेव्हलला फाशावर १ किंवा २ पडले तर डीएम पुन्हा टाकू देऊ शकतो. ही मुभा सुरुवातीपासून देऊन टाका, तिने काही बिघडत नाही.

एका पात्राला वीस मिनिटं लागली, त्यातली बारा खरेदीत. सुरुवातीचे पैसे डी६ तीनदा टाकून गुणिले दहा. फायटरला, म्हणजे लढवय्याला, ११० सोन्याची नाणी मिळाली. प्लेटचं चिलखत ६०, ढाल १०, तलवार १०. उरली ३०. त्यात पाठपिशवी ५, चकमकपेटी ३, सहा मशाली १, पन्नास फूट दोर १, दहा फुटी काठी १, बारा लोखंडी खिळे १, साधा शिधा ५, तेलाच्या दोन बाटल्या ४. झाले १०१, शिल्लक ९. ही यादी घाईने उरकू नका. फिफ्थ एडिशनमध्ये पात्राची ताकद क्षमतांच्या यादीत असते. इथे तिचा बराचसा भाग या पिशवीत असतो, आणि खेळाडूंना ते पहिल्या बंद दारापाशी कळतं.

पहिलं सेशन फसलं. कारण कळायला आम्हाला आठवडा लागला, म्हणून ते सविस्तर सांगायला हवं.

तक्त्यांचा त्रास अर्ध्या तासात संपला. जुन्या नियमांत आर्मर क्लास (वारापासून बचावाचा आकडा) जितका कमी तितका चांगला : चिलखत नसेल तर ९, चामड्याचं असेल तर ७, साखळीचं ५, प्लेट ३, ढालीने आणखी एक कमी. पहिल्या तीन लेव्हलच्या फायटरने १९ मधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा, उरेल तेवढं किंवा जास्त डी२० वर पडायला हवं. ऑर्क या राक्षसाचा ६, म्हणजे १३. प्रत्येकाने शीटच्या खालच्या कडेला ९ ते ० असा एक ओळीचा तक्ता लिहून घेतला आणि प्रश्न मिटला. वजाबाकी नकोच असेल तर इसेन्शियल्समध्ये चढत्या आर्मर क्लासचा पर्याय आहे. निकाल तोच लागतो.

फसलं ते दुसरीकडे. डीएमने वेळ मोजली नाही. नियमांत भुयारातला एक टर्न म्हणजे दहा मिनिटं. पण खोली क्रमांक तीनमध्ये किती टर्न गेले हे विचारायलाही कोणी नव्हतं. मशाली संपल्या नाहीत. भटकी श्वापदं आली नाहीत. मग प्रत्येक खोली सावकाश, सगळ्या बाजूंनी, न घाबरता तपासली गेली आणि खेळ सपाट झाला. दुसरी चूक अशी, की सहा ऑर्क दिसल्यावर थेट इनिशिएटिव्ह टाकला. ऑर्कचा वार प्लेट-ढालवाल्या फायटरला वीस टक्के वेळा लागतो, पण चामड्याच्या चिलखतातल्या थीफला पंचेचाळीस आणि मॅजिक-यूझरला, म्हणजे मांत्रिकाला, पंचावन्न टक्के वेळा. शून्य हिट पॉइंट्सवर मरण, डेथ सेव्ह (वाचण्यासाठीचा फासा) वगैरे काही नाही. तीन फेऱ्यांत पाचातले तिघे गेले. टेबलावर शांतता होती आणि ती चांगली नव्हती. जुनी एडिशन म्हणजे फक्त कच्ची पात्रं आणि लवकर मरण, असा समज घेऊन आम्ही उठलो.

आठवडाभरात पुस्तक पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं, की जे नियम रटाळ समजून गाळले होते तेच खेळ चालवतात.

दुसऱ्या सेशनला डीएमने एक कागद आखला : सहा-सहा चौकोनांच्या ओळी. एक चौकोन म्हणजे दहा मिनिटं, एक ओळ म्हणजे एक तास. दर दोन चौकोनांनी डी६ टाकायचा, १ आला तर काहीतरी येतं. सहाव्या चौकोनात विश्रांती, नाही घेतली तर वार आणि इजा दोन्हींत एक वजा. ओळ संपली की मशाल संपली. कंदील असेल तर तेलाची एक बाटली चार ओळी चालते. धातूचं चिलखत घातलेला माणूस एका टर्नमध्ये साठ फूट जातो, काही न घातलेला एकशे वीस, आणि गट सगळ्यात मंद माणसाच्या चालीने चालतो.

तासाला तीनदा फासा पडतो, म्हणजे दर तासाला काहीतरी येण्याची शक्यता सुमारे बेचाळीस टक्के. भटक्या श्वापदांकडे खजिना जवळपास नसतोच. त्यांच्याशी लढणं हा निव्वळ तोटा. हे खेळाडूंना कळल्यावर संभाषण बदललं. “ही भिंत तपासू या का?” याला आता किंमत आली : एक टर्न, अर्धा फासा, मशालीचा सहावा हिस्सा. हा कागद डीएमच्या पडद्यामागे ठेवू नका, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. चौकोन भरताना पेनचा आवाज होतो आणि डोकी वर होतात.

तिसऱ्या सेशनपासून रिअ‍ॅक्शन रोल. एखादा प्राणी किंवा टोळी भेटली आणि ते काय करतील हे आधीपासून ठरलेलं नसेल, तर दोन डी६. २ म्हणजे थेट हल्ला, ३ ते ५ शत्रुत्व, ६ ते ८ अनिश्चित, ९ ते ११ हल्ला नाही, १२ म्हणजे मनापासून मैत्री. छत्तीसांत थेट हल्ला एकदाच. सोळा वेळा समोरचा फक्त बघत उभा असतो आणि पुढचं खेळाडूंच्या बोलण्यावर अवलंबून. पहिल्याच रोलला सात पडले. गॉब्लिन (छोटे राक्षस) भाले धरून उभे, हलत नाहीत. थीफच्या खेळाडूने शिधा काढला आणि जमिनीवर ठेवला. पुढच्या पाव तासात खालच्या मजल्यावर ऑर्कांनी यांच्या खोल्या बळकावल्या आहेत हे कळलं आणि मागची वाटही कळली. लढाई झाली असती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

मनोधैर्याचा नियमही तेव्हाच सुरू केला. प्रत्येक राक्षसाला २ ते १२ मधला एक आकडा असतो, ऑर्कांचा ८. पहिला साथीदार पडला की आणि अर्धे पडले की दोन डी६ टाकायचे, आकड्याच्या वर गेलं की ते पळतात किंवा शरण येतात. शेवटच्या ऑर्कचा शेवटचा हिट पॉइंट संपेपर्यंत चालणाऱ्या फेऱ्या बंद झाल्या. इनिशिएटिव्ह दोन्ही बाजूंचा मिळून एकेक डी६. आमच्या बहुतेक लढाया दहा-पंधरा मिनिटांत संपू लागल्या.

सापळ्यांचा भाग डीएमसाठी सर्वांत अवघड. फिफ्थ एडिशनमध्ये खेळाडू म्हणतो, “परसेप्शन टाकतो.” इथे निरीक्षणाच्या फाशाचं ते बटणच नाही. चौथ्या सेशनमधलं हे संभाषण :

“बोळ दहा फूट रुंद आहे. पंधरा पावलांवर फरशीचा रंग थोडा फिका आहे. धूळ सगळीकडे आहे, तिथे नाही.”

“तिथे धूळ का नाही? काठीने दाबून बघतो.”

“काठी टेकली. दगड हलला नाही, पण आवाज पोकळ आला.”

“पखालीतलं पाणी ओत. कुठे जातंय बघू.”

“चारही कडांनी आत झिरपतंय.”

एकही फासा न टाकता खड्डा सापडला. कडेने खिळे ठोकून दोर बांधला आणि सगळे पलीकडे गेले. एक टर्न खर्च. न बघता चालले असते तर डी६ वर १ किंवा २ पडल्यास खड्डा उघडला असता. डीएमने यासाठी एक शिस्त पाळायची : प्रत्येक सापळ्याची एक खूण आधी वर्णनात येऊ द्यायची. खूण न देता मारलेलं पात्र खेळाडूंना अन्याय वाटतं, आणि तो अन्यायच असतो. विषाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. पहिल्या लेव्हलच्या फायटरला विषाविरुद्ध डी२० वर १२ किंवा वर हवे, म्हणजे पंचेचाळीस टक्के, आणि चुकलं की मृत्यू. काही टेबलं हा नियम बदलून विषाने फक्त इजा करतात. आम्ही तो तसाच ठेवला, पण विषारी कोळ्याच्या खोलीआधी जाळ्यात गुंडाळलेलं सुकं प्रेत ठेवलं.

मग आमची सर्वांत मोठी चूक. पाचव्या सेशनच्या आधी हिशोबाचा कंटाळा येऊन आम्ही एक्सपी काढून टाकले आणि कथेच्या टप्प्यांवर लेव्हल द्यायचं ठरवलं. दोनच सेशनांत खेळ पुन्हा जुन्या चाकोरीत गेला. खेळाडू समोर येईल त्याच्याशी लढू लागले, खजिना तिथेच सोडू लागले, हमाल घेईनासे झाले. कारण साधं आहे. या नियमांत भुयाराबाहेर सुखरूप आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी मिळतो, तर एका ऑर्कचे मिळतात दहा. पाच ऑर्क मारले की पन्नास, पाच जणांत वाटून प्रत्येकी दहा. फायटरला दुसऱ्या लेव्हलला २,००० लागतात. असल्या लढाया दोनशे कराव्या लागतील, आणि दोनशेव्या लढाईपर्यंत कोणी जगत नाही. उलट एक हजार नाण्यांची पेटी एकही वार न करता बाहेर काढली तर प्रत्येकी दोनशे. म्हणजे लढाई टाळणं, चोरणं, फसवणं, बोलणं हे सगळं शहाणपणाचं ठरतं. हा नियम काढला की उरलेल्या नियमांना काही अर्थच राहत नाही. सातव्या सेशनला तो परत आणला.

त्या हजार नाण्यांचं वजनही बघा. दहा नाण्यांचा एक पौंड, म्हणजे पेटीतला ऐवज शंभर पौंड. पाठपिशवीत चारशे नाणी मावतात, मोठ्या पोत्यात सहाशे. पोतं धरलं की ढाल किंवा मशाल सुटते. चाल निम्म्यावर येते. चाल निम्मी म्हणजे परतीला दुप्पट टर्न, दुप्पट फासे, दुप्पट मशाली. आठव्या सेशनला बरोबर या गणितावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि शेवटी तांब्याची नाणी ओतून टाकून फक्त सोनं घेतलं. मागून गॉब्लिन आले तेव्हा ती तांब्याची नाणी बोळात उधळली आणि अर्धे गॉब्लिन ती वेचायला थांबले. दीड तासाच्या लढायांमध्ये आम्हाला जे मिळत नव्हतं ते त्या वीस मिनिटांत होतं.

साथीदारांचा नियम याच टप्प्यावर उपयोगी पडला. सरासरी प्रभाव असलेलं पात्र चारजणांना बरोबर नेऊ शकतं. ते मशाल धरतात, पोती उचलतात, प्रसंग आला तर पळूनही जातात. आणि मुख्य पात्र मेलं की खेळाडू तिथल्या तिथे साथीदाराची शीट हातात घेतो, चाळीस मिनिटं नुसतं बसून राहत नाही. दर सेशनला दोन तयार शीट बाजूला ठेवा. बारा सेशनांत आमची नऊ पात्रं गेली, त्यातली सहा पहिल्या चार सेशनांत.

नवं पात्र पहिल्या लेव्हलचं आणि बाकीची तिसऱ्या लेव्हलची, हे जमतं का, अशी शंका सगळ्यांनाच होती. जमतं, कारण लागणारे एक्सपी दुपटीने वाढतात. फायटरला २,०००, मग ४,०००, मग ८,०००. जुना फायटर तिसरीवरून चौथीला पोचेपर्यंत सारखा वाटा मिळणारा नवा फायटर तिसरीत आलेला असतो. मधल्या काळात त्याने मागच्या रांगेत भाला धरायचा.

थीफबद्दल तक्रार खरी आहे. पहिल्या लेव्हलला सापळा शोधण्याची शक्यता १० टक्के, कुलूप उघडण्याची १५. चढण्याची मात्र ८७. तोडगा असा, की वर्णन करून शोधणं सगळ्यांना खुलं आणि थीफचा टक्का ही त्यावरची जास्तीची संधी. मॅजिक-यूझरला दिवसाला एकच मंत्र. तो स्लीप असेल तर दोन डी८ हिट डाइसइतके (हिट डाइस म्हणजे शत्रूच्या ताकदीचं माप) शत्रू झोपतात, सेव्ह म्हणजे बचावाचा फासा नाही, म्हणजे एक अख्खी लढाई खिशात. बाकी वेळ त्याने नकाशा काढावा. आमच्याकडे तसंच झालं आणि तो नकाशा आता टेबलावरची सर्वांत जपलेली वस्तू आहे.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. एका खेळाडूला पात्र घडवण्यात रस आहे, प्रत्येक लेव्हलला नवं काही निवडण्यात. इथे फायटर पाचव्या लेव्हलला गेला तरी निवडायला काहीच नसतं. त्या खेळाडूचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यावर जुन्या नियमांत उत्तर नाही. म्हणून महिन्यातून एकदा आम्ही फिफ्थ एडिशन खेळतो, तिथे त्याचं पात्र नवव्या लेव्हलला आहे.

डीएमच्या तयारीचंही सांगायला हवं. आधी एका सेशनसाठी चार-पाच तास जायचे, बहुतेक वेळ लढाया तोलण्यात. आता दीड तास. खोल्या काढायच्या आणि प्रत्येकीसाठी डी६ : १-२ राक्षस, ३ सापळा, ४ काहीतरी विशेष, ५-६ रिकामी. बारा खोल्यांत साधारण चार राक्षसांच्या, दोन सापळ्यांच्या, दोन विशेष आणि चार रिकाम्या. सुरुवातीला रिकाम्या खोल्या वाया जातात असं वाटून आम्ही त्या भरून टाकल्या होत्या. मग पळून जायला जागा राहिली नाही, दार खिळ्यांनी ठोकून विश्रांती घ्यायला जागा राहिली नाही. आता त्या रिकाम्याच असतात. एखादीत सहात एक शक्यतेने लपलेला खजिना निघतो, आणि बाराव्या सेशनच्या शेवटी खेळाडू अशाच एका खोलीत बसून होते : दार ठोकलेलं, मशालीचे दोन चौकोन शिल्लक, बाहेर कोणीतरी काहीतरी ओढत नेल्याचा आवाज.